धरायचं कुठून?

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी घराला रंग काढायचा हा निर्णय बायकोचा, आणि घरी बसून रंगाऱ्यांवर लक्ष ठेवायचं काम माझं, कारण माझं ऑफिस घरातूनच चालतं आणि घरातून चालणारं ऑफिस म्हणजे ऑफिस नाहीच असं आमच्याकडे सर्वमान्य आहे. तर हॉल रिकामा करायचा म्हणून भिंतीवरचं सगळं उतरवणं चालू होतं. घड्याळ, दोन फोटो, आईने विणलेलं तोरण, आणि मग सोफ्याच्या वरची ती ढाल. बोर्निओची. लाकडी, तीन फुटी, उभी, वर आणि खाली निमुळती होत गेलेली, आणि पुढून तो चेहरा. गरगरीत डोळे, एकात एक काढलेली वर्तुळं, एकमेकांत अडकलेले सुळे, आणि चेहरा संपतो कुठे नि वेलबुट्टी सुरू होते कुठे ते कळू नये असं काळं-पांढरं-लाल काम. आलेला प्रत्येक पाहुणा तिच्याबद्दल काहीतरी बोलतोच. रंगारी काही बोलला नाही. स्टुलावर चढला, तिच्या दोन्ही कडा धरून उचलून घेतली, खाली उतरला, उलटी करून बघितली, परत सरळ केली, परत उलटी केली, आणि मला म्हणाला, "दादा, ह्येला धरायचं कुठून?"

मी म्हटलं, ती शोची आहे.

"शोची व्हय," म्हणाला आणि फळीसारखी काखेत मारून बाल्कनीत नेली. तिथे तिला भिंतीकडे तोंड करून उभी केली, म्हणजे रंगाचे शिंतोडे चेहऱ्यावर उडायला नकोत. पोरगा समजूतदार होता. पण त्यामुळे पुढचे चार दिवस मी चहा प्यायला बाल्कनीत गेलो की समोर ढालीची पाठ. दहा वर्षं ती माझ्या भिंतीवर आहे आणि तिची पाठ मी धड बघितलीच नव्हती. मधोमध वायरचा एक हूक, वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलेला ८५ हा आकडा, कुठल्यातरी सेलोटेपचे पिवळे पडलेले चिकट पट्टे, आणि बाकी सगळीकडे हत्याराचे ओबडधोबड फटके. मूठ नाही. धरायला जागाच नाही. म्हणजे ते मला माहीत होतं, चांगलंच माहीत होतं, मीच तर तशी निवडली होती. तरी त्या पोराने विचारलं आणि कुठेतरी कुसळ शिरल्यासारखं झालं.

२०१४ साली कंपनीच्या कामासाठी मी चौदा महिने बिंटुलूला होतो. मलेशियाचं सारावाक राज्य, बोर्निओ बेटावरचं, आणि बिंटुलू म्हणजे गॅसचे प्लांट, चिखल, पाऊस आणि शनिवारी संध्याकाळी करायला काहीही नसणं. त्यामुळे जोडून सुट्टी आली की आम्ही दोघंतिघं कुचिंगला पळायचो. कुचिंग मात्र गोड गाव. मधून तपकिरी रंगाची नदी वाहते, त्यावर छपराच्या होड्या इकडून तिकडे माणसं पोचवतात, आणि नदीच्या काठाने मेन बझार नावाचा रस्ता, त्यावर जुन्या चिनी धाटणीची दुकानं, खाली धंदा वर घर अशी. आत शिरलं की एक वास यायचा, त्याची फोड मला अजून नीट करता येत नाही. मिरी, ओलं लाकूड, वेताच्या चटया, व्हार्निश आणि कुठेतरी मागे पेटलेली उदबत्ती. सारावाकची मिरी प्रसिद्ध, पांढरी आणि काळी दोन्ही. आजोळच्या परसात पोफळींवर चढवलेले मिरवेल बघत मोठा झालेला माणूस तिथे जाऊन पाकिटातली मिरी विकत घेत होता, ते आजीला कळलं असतं तर तिने कपाळावर हात मारला असता.

तर त्या दुकानांत काय नसे! फुंकनळ्या, मुखवटे, इबान या तिथल्या जमातीच्या बायकांनी विणलेली पुआ कुंबू नावाची कापडं, धनेश पक्ष्याच्या लाकडी मूर्ती, आणि भिंतीभर ढाली. हातभर लांबीच्या, पुरुषभर उंचीच्या, फ्रिजला चिकटवायच्या, किचेनच्या. सगळ्यांवर तोच चेहरा. इतके डोळे एकदम आपल्याकडे बघायला लागले की पहिल्यांदा दचकायला होतं, मग हसू येतं, आणि पाचव्या दुकानात काहीच होत नाही. हे पाचव्या दुकानात काहीच न होणं मला वाटतं विकायच्या वस्तूंचं खरं दुखणं आहे.

ढाल मूळची कशासाठी, ते त्याआधीच्या फेरीत म्युझियममध्ये बघून झालं होतं. ते म्युझियम १८९१ सालचं. ब्रूक नावाच्या एका इंग्रज घराण्याने तिथे १८४१पासून १९४६पर्यंत चक्क राजे म्हणून राज्य केलं, त्यातल्या दुसऱ्या राजाने बांधलेलं. म्हणजे आपल्याकडे कंपनी सरकार तसं तिथे एकाच कुटुंबाचं सरकार. तर ढाली. केन्या आणि कायान या तिथल्या डोंगराळ भागातल्या जमातींच्या ढालींवर हा चेहरा काढलेला असे, आणि त्यावर केसांचे झुपके चिकटवलेले, डिंकासारख्या राळेने, रांगेत. केस माणसांचे. ज्यांची मुंडकी आणली त्यांचे. काचेपलीकडून ते केस बघताना मला सगळ्यात जास्त कसली गंमत वाटली असेल तर ते तपकिरी पडले होते याची. शंभर वर्षांत केससुद्धा उन्हात ठेवलेल्या कापडासारखे विटतात. दुकानातल्या ढालींना काळा नायलॉन लावलेला होता, तो काही विटायचा नाही.

आणि ही माणसं लढायची थांबली त्याची गोष्ट तर फारच मजेशीर. बाराम नदीच्या खोऱ्यात चार्ल्स होज नावाचा ब्रूकचा अधिकारी होता. १८९९ साली त्याने मारुडी गावी आसपासच्या सगळ्या टोळ्यांना बोलावून तह घडवून आणला, आणि नुसता तह नाही, तर तुम्हाला एकमेकांवर चढाईच करायची आहे ना, मग होड्यांवरून करा म्हणून लांबलचक लढाऊ होड्यांची शर्यत लावली. ती बारामची शर्यत तिथे अजून होते. पुढे १९२४मध्ये कापितला असाच मोठा तह झाला, इबान एका बाजूला आणि वरच्या डोंगरातले केन्या-कायान दुसऱ्या बाजूला. म्हणजे ढालीचं काम गेलं. पण ढाल करणारे हात तिथेच राहिले, आणि घेणारेही लगेच आलेच. याच होजने जमवलेल्या वस्तू ब्रिटिश म्युझियमने विकत घेतल्या आहेत, तेव्हा हा व्यवहार काही विमानं भरभरून टुरिस्ट यायला लागल्यावर सुरू झालेला नाही. आपण उगाच आपल्याला एकट्याला अपराधी समजतो.

शर्यतीवरून आठवलं. आमच्या लहानपणी ढाल म्हणजे शिवाजी महाराजांची, आणि 'शील्ड' म्हणजे वक्तृत्व स्पर्धेत मिळते ती. हे दोन शब्द एकाच वस्तूचे आहेत हे मला आठवी-नववीपर्यंत माहीतच नव्हतं, आणि कळलं तेव्हा मी थोडा नाराजच झालो होतो. आमच्या शाळेला एकदा तालुक्याची फिरती शील्ड मिळाली होती. शिसवी रंगाचं पॉलिश, मधोमध पितळेचा पत्रा, आणि भोवती नखाएवढ्या चंदेरी छोट्या ढालींवर आधीच्या विजेत्या शाळांची नावं. हेडमास्तरांच्या केबिनमध्ये ती कुलपात असायची. स्पर्धेतल्या आम्हा चौघांना फोटोपुरती हातात दिली तेव्हा माझा हात तिच्या मागे गेला, तर मागे कच्चा प्लायवूड आणि कॅलेंडरला असतो तसला घडीचा स्टँड. पॉलिशचा हात मागे फिरलेलाच नव्हता. बोटात लाकडाची फास गेली. पुढे फोटोत मी एकटाच बोट तोंडात घालून उभा आहे, त्यामागचं कारण हे.

असो, कुचिंग.

त्या दिवशी मी ज्या दुकानात होतो तिथली मालकीण चिनी बाई, साठीची, काउंटरमागे टीव्ही बघत जेवत होती. मी एका ढालीचा भाव विचारत होतो आणि ती जुनी आहे का नवी असं विचारल्यावर तिने अगदी सरळ विचारलं, तुला कुठली हवी? म्हणजे दोन्ही मिळतात. जुनी हवी तर मागच्या खोलीत धुरकटलेल्या, कडा झिजलेल्या ठेवलेल्या आहेत, किंमत तिप्पट. त्या खरंच जुन्या होत्या का चुलीवर धरून जुन्या केलेल्या होत्या ते मला ओळखता येणं शक्य नव्हतं आणि तिलाही ते ठाऊक होतं. तेवढ्यात दारात एक पिकअप येऊन थांबली आणि एक म्हातारा माणूस वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सहा ढाली उतरवायला लागला. ठेंगणा, पायाने जरा फेंगडा, अंगात फुटबॉल क्लबाचा टीशर्ट, गळ्यात क्रॉस, आणि कानाच्या पाळ्या खाली लोंबणाऱ्या, पूर्वी जड पितळी वळी घातलेल्या माणसाच्या असतात तशा. तिकडे वयाने मोठ्या माणसाला सरसकट अंकल म्हणतात, आपल्यासारखंच, म्हणून मीही अंकल म्हटलं आणि एक टोक धरायला गेलो. उचलली तर काय, हलकी! मला वाटलं होतं तीन फुटी लाकडी वस्तू म्हणजे निदान पाटा-वरवंट्यासारखं काहीतरी असेल. ही म्हणजे सुपासारखी आली हातात.

तो केन्या होता, बारामच्या वरच्या अंगाच्या एका गावातला, आता मुलीकडे कुचिंगजवळ राहणारा. त्याचं इंग्रजी आणि माझं मलय दोन्ही बेताचं, पण सुताराला लाकडाबद्दल विचारलं की भाषेचं काही अडत नाही, हा माझा अनुभव आहे. लाकूड पुलाईचं, म्हणाला. मऊच हवं. कडक लाकडावर शत्रूचा पारांग, म्हणजे त्यांचा लांब कोयता, आदळून सटकतो, मऊ लाकडात तो रुततो आणि मग रुतलेला ओढून काढेपर्यंत तुम्हाला वेळ मिळतो. हे सांगताना त्याने डावा हात पुढे घेऊन उजव्या हाताने जो काही झटका दिला त्याने टीव्ही बघणारी बाईसुद्धा वळून बघायला लागली. मग लाकूड उभं चिरू नये म्हणून वेताच्या पट्ट्या आडव्या आवळायच्या. आणि मूठ वेगळी जोडायची नाही, अख्खी ढाल एकाच फळीतून कोरायची, मूठ त्याच लाकडातली. रंग पूर्वी काजळीचा, चुन्याचा, लाल मातीचा. आता? आता हे, म्हणून त्याने टीशर्टवरचा ऑइलपेंटचा डाग दाखवला.

हा चेहरा कोणाचा, असं मी विचारलं. तो हसला. "हांतू," म्हणाला, म्हणजे भूत, आणि मग गळ्यातल्या क्रॉसकडे बोट करून, "आता नाही. आता डिझाइन."

आणि मग त्याने तो प्रश्न विचारला. मी घेणार हे नक्की झालं होतं. त्याने दोन ढाली वेगळ्या काढल्या, दिसायला जवळपास सारख्या, आणि एकीवर हात ठेवून म्हणाला, "दिंडिंग?" दुसरीवर ठेवून, "न्गाजात?" भिंत? की नाच? न्गाजात म्हणजे तिकडचा तो ढाल-तलवार घेऊन करायचा नाच, अगदी संथ, गुडघ्यात वाकून, पाऊल टाकताना झाडावरून पान पडावं असं टाकतात. आधी माझ्या लक्षात आलं नाही की यात निवडायचं काय आहे. मग त्याने दोन्ही उलट्या केल्या. नाचाच्या ढालीला मागे सुबक मूठ, आतली बाजू पोखरून घासून गुळगुळीत केलेली, वेताच्या पट्ट्यांची टोकं नीट दाबून बसवलेली. भिंतीच्या ढालीला मागे हूक. बास.

नाचाच्या ढालीची किंमत दुपटीहून जास्त, पण ते कारण नव्हतं. मी नाचणार थोडाच होतो. भिंतीवर लावायची तर मूठ भिंतीला टेकून ढाल तिरकी राहणार, हे इंजिनिअर डोक्याने क्षणात हिशेब केला आणि म्हटलं, दिंडिंग. त्याने मान डोलावली, त्यात नाराजी वगैरे काही नव्हती, वडापाववाला 'तिखट की साधा' विचारतो तेवढीच आस्था होती. वर्तमानपत्र गुंडाळायला लागला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, थांबला, नाचाची ढाल उचलली आणि माझा डावा हात धरून मुठीत घातला.

मी आयुष्यात ढाल पुढूनच बघितली होती. चित्रात, पुतळ्यात, सिनेमात, किल्ल्यावरच्या स्टॉलवर. ढालीच्या मागे कधी उभा राहिलो नव्हतो. तिथे चेहरा नाही. तिथे काहीच नाही. पिवळट लाकडाच्या रेषा, तुमच्या बोटांची पेरं, नाकाशी लाकडाचा किंचित कडवट वास, आणि एक प्रकारचा अडोसा, पावसात आगोटीला बांधलेल्या झावळ्यांच्या झडीमागे उभं राहिल्यासारखा. ते भयंकर डोळे जगाकडे बघत असतात आणि तुम्हाला ते दिसतच नाहीत. अंकल समोरून डावीकडे-उजवीकडे होऊन माझ्याकडे बघून हसत होता आणि मी त्याला बघायला ढालीच्या कडेवरून मान काढत होतो, लहान मूल दाराआडून काढतं तशी. मिनिटभर हे चाललं असेल. मग त्याने ती परत घेतली आणि बाजूला ठेवली. ती विकायची नव्हतीच, असं मला आता वाटतं. पिकअपमध्ये परत जाताना ती त्याच्या बरोबर गेली, आणि माझी धरून पाचच दुकानात राहिल्या.

मी एकशेऐंशी रिंगिट दिले, तेव्हाचे साधारण सव्वातीन हजार रुपये. मुंबई विमानतळावर कस्टमच्या माणसाने स्कॅनरमध्ये ते लांबुळकं बघून बाजूला घेतलं, बबल रॅप सोडायला लावला, आणि चेहरा बघून एक पाऊल मागे सरकला. "अँटिक आहे का?" म्हणाला. नाही हो, नवी आहे, शोची, मी म्हटलं. हे खरं होतं, सोयीचं होतं, सुटका करणारं होतं, आणि तरी सांगताना जरा ओशाळल्यासारखं झालं. जसं काही त्याने मला विचारलं होतं, तुम्ही खरंच तिथे गेला होतात का.

मला वाटतं हे ओशाळलेपण माझ्यात सावंतवाडीहून आलंय. माझं आजोळ तिथलं. मामा बाजाराला निघाला की मी मागे, आणि येताना चितार आळीतून यायचं हा हट्ट. कातावर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची कांडी टेकवली की घर्षणाने लाख वितळून रंग चढायचा आणि जो वास सुटायचा तो मला अजूनही कुठल्याही मिठाईपेक्षा गोड वाटतो. पांगाऱ्याचं हलकं लाकूड, त्याची फळं, भाज्या, भातुकली, पोळपाट-लाटणं, बाहुल्या. आजीच्या घरी देवापुढचा चौरंग तिथलाच होता, आणि तो वापरून वापरून मध्ये फिका पडला होता. आता तिथे जातो तेव्हा दुकानांत मुख्यतः टोपलीभर फळं दिसतात, आंबा, केळं, सीताफळ, सेलोफेनमध्ये बांधलेली, अहेराला द्यायला. हुबेहूब असतात. मी स्वतः निदान दहा जणांना दिली आहेत. आणि राजवाड्यात गेलात तर गंजिफा, म्हणजे जुन्या पद्धतीचे पत्ते. गोल पानं, दशावतारी गंजिफा म्हणजे दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं, एकशेवीस पानांचा डाव, आणि प्रत्येक पान हाताने रंगवलेलं. ती कला जवळपास गेलीच होती, सावंतवाडीच्या राजघराण्याने, शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी, ती धरून ठेवली, राजवाड्यात कारागीर बसवले. नसते बसवले तर आज बघायलाही मिळाली नसती. हे सगळं मान्यच आहे.

पण आता गंजिफा खेळतो कोण? मी एक चौकट विकत आणली, त्यात दहा अवतारांचे दहा राजे काचेमागे चिकटवलेले. सुंदर आहे. फक्त त्या पानांची पाठ आता कुणालाच दिसणार नाही. आणि गंजिफेच्या पानाची पाठ म्हणजे खेळाचा अर्धा भाग, कारण सगळ्या पानांच्या पाठी एकसारख्या असतात म्हणून तर समोरच्याच्या हातात काय आहे ते कळत नाही! एखाद्या पानाची पाठ जरा जरी वेगळी झाली तरी डाव बाद. चित्र काढण्याइतकीच मेहनत ती पाठ सपाट, सारखी, एका रंगाची करण्यात जात असणार, आणि आपण ती फेव्हिकॉलने चौकटीला लावून टाकली.

आपल्या ढालीचंही तेच झालंय, मी नंतर लक्ष देऊन बघायला लागलो तेव्हा दिसलं. आपली जुनी ढाल गोल, चामड्याची, आणि तिच्यावर पुढे चार फुलं असतात ना पितळेची? मला कायम वाटायचं ती शोभेची. ती शोभेची नाहीत. मागे हात घालायला जे दोन पट्टे असतात त्यांच्या कड्या ढालीतून आरपार येतात आणि पुढे त्या फुलांनी आवळलेल्या असतात. त्या दोन पट्ट्यांच्या मध्ये मुठीला लागू नये म्हणून छोटी गादी. म्हणजे पुढची चार फुलं ही मागच्या हाताची खूण. आणि आता सत्कारात देतात ती ढाल-तलवार बघा, लाल मखमलीच्या पाटावर ठोकलेली, तिच्यावर चार फुलं अगदी चोख असतात आणि मागे पुठ्ठा. कुणी तक्रार करत नाही. मीही नाही. माझ्याकडे तसल्या दोन आहेत, सोसायटीचा सेक्रेटरी होतो तेव्हाच्या.

आता यावर कुणी म्हणेल की मग काय, त्या म्हाताऱ्याने ढाली करायच्या नाहीत का? तर तसं अजिबात नाही. मला तर उलटंच वाटतं, त्याच्याइतका सरळ माणूस त्या अख्ख्या रस्त्यावर नव्हता. त्याने मला तोंडावर विचारलं होतं, भिंत की नाच. जुनी म्हणून धुरकटवून माझ्या गळ्यात मारली नाही. भिंतीवरच्या वस्तूला जेवढं लागतं तेवढं काम त्याने केलं आणि तेवढेच पैसे घेतले, आणि उरलेला जीव ज्या ढालीत घालायचा त्या ढालीत घातला, ती विकली नाही. फसवणूक झालीच असेल तर ती मी पाहुण्यांची करतो, "अरे खरी लढाईतली ढाल असते ही" असं म्हणून.

बाल्कनीत तिसऱ्या दिवशी ऊन तिरकं पडलं होतं. खाली सोसायटीच्या कडेला सप्तपर्णीची रांग आहे, ऑक्टोबरात ती फुलते आणि संध्याकाळी त्या वासाने निम्म्या बिल्डिंगचं डोकं दुखतं. यावर्षी त्यात डिस्टेंपरचा वास मिसळला होता. पुलाई म्हणजे काय ते मी मागे शोधून काढलं होतं. तेच. सप्तपर्णी, कोकणातली सातवीण, नाहीतर तिची सख्खी बहीण, एकाच कुळातली. पूर्वी पोरांच्या लिहायच्या पाट्या हिच्या लाकडाच्या करायचे. म्हणजे माझी ढाल गेले दहा वर्षं आपल्या नातेवाइकांच्या डोक्यावर तिसऱ्या मजल्यावर टांगलेली होती. तर त्या तिरक्या उन्हात मला पाठीवर एक गोष्ट दिसली जी एरवी दिसली नसती. मधोमध, वायरच्या हुकाच्या जरा खाली, वीतभर लांब आणि दोन बोटं रुंद असा उंचवटा. फार नाही, नखभर. त्याच्यावर हत्याराचे फटके आडवे पडलेले, घाईघाईने. हात ठेवून बघितला. बरोबर तिथेच, जिथे दुसऱ्या ढालीला मूठ होती.

म्हणजे मूठ होती. निदान असणार होती. त्याने फळी पोखरताना तेवढं लाकूड मुठीसाठी ठेवलं होतं आणि मग छाटून टाकलं. का? चीर गेली असेल कुठे, म्हणून नाचातून काढून भिंतीवर पाठवली असेल. किंवा दुकानवालीने ऐनवेळी सांगितलं असेल, भिंतीच्या जास्त दे. किंवा काहीच नसेल, नुसती हाताची सवय. पन्नास वर्षं ज्या हाताने मधे लाकूड राखून ठेवलं तो हात ते राखणारच, आणि मग आठवतं की अरे, ही भिंतीची, आणि तो परत छाटतो. मी बराच वेळ ते चाचपत बसलो होतो. चहा गार झाला. आत रंगारी फोनवर कुणाला तरी सांगत होता की मालक बाल्कनीत लाकूड कुरवाळतायत.

सेलोटेपच्या पट्ट्यांचं मात्र लगेच आठवलं. लेक दुसरीत असताना शिवजयंतीला तिला मावळा केलं होतं. फेटा झाला, मिशी झाली, तलवार शेजारच्यांची, आणि ढाल? घरात एवढी ढाल असताना विकत कशाला आणायची, असं मीच म्हटलं. मागे नाडीचा फास करून टेपने चिकटवला. तिने ढाल उचलली आणि दोन पावलं गेली तोच टेप सुटली आणि बोर्निओचं भूत तिच्या पायावर. भोकाड पसरलं. वर बायकोचं म्हणणं की मावळ्यांची ढाल गोल असते, बाई रागावतील. रात्री साडेदहा वाजता मग मी केकच्या खालचा सोनेरी गोल पुठ्ठा घेतला, त्यावर चार बटणं शिवली, आणि त्याच दोऱ्याने मागे जुन्या दप्तराचा पट्टा. शिवता शिवता लक्षात आलं नव्हतं, आता येतंय, की ती चार बटणं आणि मागचा पट्टा एकाच दोऱ्यात होते.

चौथ्या दिवशी हॉल झाला. बेडरूमचा माळा उतरवून घ्यायचा होता, जुने पंखे, कुकरच्या रिंगा, गणपतीचं मखर, शाळेच्या वह्या. मी मीटिंगमध्ये होतो, कॅमेरा बंद. रंगारी दारात येऊन उभा राहिला. उजव्या हातात ब्रश, आणि डाव्या हातात ती केकच्या पुठ्ठ्याची ढाल, पट्ट्यातून मनगटापर्यंत हात आत घातलेला, छातीशी धरलेली, सोनेरी कागद अर्धा उडालेला.

"दादा," म्हणाला, "ही ठेवायची का टाकायची?"